क्लबची शिफारस वही: पुण्यातील एका फिल्म क्लबच्या सभासदत्वाचा तीन वर्षांचा अनुभव

पुण्यातील एका फिल्म क्लबचा मी गेली तीन वर्षे वर्गणीदार सभासद आहे. काय पाहावे हे ठरवण्यातच सगळी संध्याकाळ निघून जाते, अशी तक्रार करणाऱ्या अनेक परिचितांनी मला या सभासदत्वाविषयी वेळोवेळी विचारले. प्रत्येकाला तोंडी सांगताना काही ना काही राहून गेले, म्हणून आता सविस्तर लिहितो आहे. क्लबचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही उणिवाही स्पष्टपणे लिहिल्या आहेत आणि नोकरी-संसार सांभाळून, एक पैसाही न घेता हे काम करणाऱ्या माणसांना त्यामुळे चारचौघांत कमीपणा यावा, अशी माझी इच्छा नाही.

आधी व्यवहाराचे सांगतो. वर्गणी वर्षाला १,२०० रुपये आहे आणि ती एप्रिलमध्ये भरावी लागते. त्या बदल्यात महिन्याला तीन चित्रपट आणि गप्पांची एक बैठक मिळते. या बैठकीत चित्रपट दाखवत नाहीत. महिनाभरात घरी, चित्रपटगृहात किंवा महोत्सवात जे पाहिले त्यावर सभासदांनी बोलायचे आणि इतरांना काय पाहावे ते सुचवायचे, एवढ्यासाठीच ती भरते. दारावर तिकीट मिळत नाही, याचा नव्या माणसाला राग येतो. मलाही आला होता. त्यामागचे कारण मात्र रास्त आहे. १९४७ मध्ये सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली, १९५९ मध्ये राय यांच्याच अध्यक्षतेखाली देशभरच्या अशा संस्थांची मध्यवर्ती संघटना उभी राहिली, आणि पुढे या संस्थांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र नसलेले परदेशी चित्रपट केवळ आपल्या सभासदांना दाखवण्याची सवलत मिळाली. सवलतच सभासदत्वाला बांधलेली असल्यामुळे दारावर आलेल्या कोणालाही पैसे घेऊन आत सोडणे क्लबला शक्य नसते.

महिन्याला शंभर रुपयांत तीन चित्रपट, हा हिशेब कोणालाही परवडण्यासारखा आहे. तरीही केवळ चित्रपटांसाठी सभासद व्हा, असे मी कोणाला सांगणार नाही. ज्या चित्रपटांसाठी पूर्वी वर्षभर वाट पाहावी लागे, त्यांतील बरेचसे आता घरबसल्या मिळतात. क्लबकडे जी गोष्ट आहे आणि मला अन्यत्र कोठेही मिळाली नाही, ती म्हणजे शिफारस वही. या लेखाचा निम्मा भाग मी तिच्यासाठीच राखून ठेवला आहे.

जुन्या किराणा दुकानांत उधारीच्या हिशेबाला असते तशी लांबट, लाल कापडी बांधणीची ती चोपडी आहे. सध्या पाचवी वही चालू आहे. डाव्या पानावर शिफारस लिहायची: तारीख, स्वतःचे पूर्ण नाव, चित्रपटाचे नाव, साल, दिग्दर्शक, भाषा, कोठे पाहता येईल, कोणासाठी आहे, आणि शेवटी ‘का पाहावा’ याची जास्तीत जास्त तीन वाक्ये. समोरचे उजवे पान कोरे सोडायचे. ज्याने ती शिफारस मानून चित्रपट पाहिला, त्याने तेथे आपले नाव घालून स्वतःचे मत लिहायचे. तारे किंवा गुण द्यायचे नाहीत. अर्धवट पाहिलेल्या चित्रपटाची शिफारस करायची नाही. कथेतील कलाटणी फोडायची नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकदा लिहिलेले खोडायचे नाही. मत बदलले तर खाली नव्या तारखेने नवी नोंद करायची.

उदाहरणादाखल एक पान सांगतो. बँकेतून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी ‘कोर्ट’ची शिफारस केली आहे. साल २०१४, दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे, भाषा मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी. ‘कोणासाठी’ या रकान्यात ‘घाई नसलेल्यांसाठी’ एवढेच आहे. खाली लिहिले आहे, “खटल्याचे पुढे काय होणार, याची उत्सुकता वाढवण्याच्या भानगडीत हा चित्रपट पडत नाही. सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, तेही तो तितक्याच शांतपणे दाखवतो.” उजव्या पानावर पहिली नोंद शिवाजीनगरला वकिली करणाऱ्या एका सभासदाची आहे: “तारखा पडतात तशाच पडल्या आहेत. न्यायाधीश मजकूर सांगतात आणि तो टंकून घेतला जातो, ती पद्धतही तंतोतंत. दुसऱ्यांदा पाहणार नाही, कारण तेच रोज पाहतो.” त्याखाली एका महाविद्यालयीन मुलीने लिहिले आहे, “पहिल्या अर्ध्या तासात दोनदा बंद केला. आईने पाहायला घेतला म्हणून पुन्हा बसले. आता आईशी बोलायला विषय मिळाला आहे.”

या तीन नोंदींतून मला त्या चित्रपटाविषयी जे कळले, ते सरासरी गुणांच्या कोणत्याही आकड्यावरून कळले नसते. आकड्यांना माझा विरोध नाही, पण आकडा काय मोजतो हे समजून घेतल्याखेरीज त्याच्यावर भरवसा ठेवू नये. ‘रॉटन टोमॅटोज’वरची टक्केवारी अनेकजण चित्रपटाला मिळालेले गुण समजतात. प्रत्यक्षात ती अनुकूल मत देणाऱ्या समीक्षकांचे प्रमाण सांगते आणि ६० टक्के किंवा त्याहून अधिक असलेला चित्रपट तेथे ‘फ्रेश’ ठरतो. म्हणजे सगळ्यांनाच जेमतेम बरा वाटलेला चित्रपट १०० टक्क्यांवर पोहोचू शकतो आणि काहींना मनापासून आवडलेला, काहींना अजिबात न सोसलेला चित्रपट निम्म्यावर अडकू शकतो. मला बहुतेक वेळा या दुसऱ्या जातीचेच चित्रपट आवडतात, हे माझ्या ध्यानात आले ते वहीमुळे. ओटीटीवरची यंत्रे आपण काय पाहिले, किती पाहिले आणि कोठे सोडले यांवरून अंदाज बांधतात. ते काम त्यांना जमतेही. पण आजारी वडिलांच्या उशाशी बसून रात्र काढताना मी सलग चार विनोदी चित्रपट पाहिले, यावरून मला विनोदी चित्रपट आवडतात असा निष्कर्ष निघत नाही, आणि हे त्या यंत्राला समजावून सांगण्याची सोय नाही. वहीत ते लिहिता येते. मी ते लिहिलेही आहे.

तीन वर्षांत सुमारे वीस सभासदांची आवड मला नीट कळली आहे. त्या वकील सभासदाला एखादा चित्रपट ‘संथ’ वाटला, की तो मला आवडणार हे मी धरून चालतो. एका निवृत्त शिक्षिकेने ‘रडू आले’ असे लिहिले तर मी तो चित्रपट बाजूला ठेवतो, आणि त्यांनीच ‘रडू येईल असे वाटले होते, पण आले नाही’ असे लिहिले तर त्याच रात्री पाहतो. ज्याच्याशी माझे मत कधीच जुळत नाही, असा एक सभासद माझ्यासाठी सर्वांत विश्वासाचा मार्गदर्शक ठरला आहे, आणि हे मी त्याला सांगितलेही आहे. शिफारस करणाऱ्या माणसाची चव ओळखीची झाल्याशिवाय शिफारशीला अर्थ येत नाही. त्या ओळखीला वेळ लागतो. क्लबची वर्गणी मी या ओळखीसाठी भरतो.

गप्पांच्या बैठकीचाही एक प्रसंग सविस्तर सांगायला हवा. विषय होता ताम्हाणे यांचाच ‘द डिसायपल’. हा चित्रपट २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात स्पर्धेत होता आणि त्याला पटकथेचे पारितोषिक मिळाले; ३० एप्रिल २०२१ पासून तो नेटफ्लिक्सवर आहे. ओटीटीवरचे चित्रपट क्लब परवानगीशिवाय दाखवत नाही, म्हणून ‘घरी पाहून या’ असे आधी कळवले होते. शास्त्रीय गायनात आयुष्य घालवू पाहणाऱ्या तरुणाची ही गोष्ट आहे आणि ज्या शहरात डिसेंबरमध्ये सवाई गंधर्व महोत्सवाला जाण्यासाठी लोक रजा राखून ठेवतात, तेथे तिच्यावर शांतपणे चर्चा होणे कठीणच होते. मी तो चित्रपट आधी पीएमपीच्या बसमध्ये, मोबाइलवर, दोन हप्त्यांत पाहिला होता आणि उजव्या पानावर ‘मन लागले नाही’ असे तीन शब्द लिहून मोकळा झालो होतो.

बैठकीत गाणे जाणणारे एका बाजूला आणि चित्रपट जाणणारे दुसऱ्या बाजूला, अशी सरळ दुफळी पडली. नायकाची भूमिका करणारे आदित्य मोडक आणि गुरूची भूमिका करणारे अरुण द्रविड हे दोघेही प्रत्यक्षात गायक आहेत, त्यामुळे गळा एकाचा आणि ओठ दुसऱ्याचे अशी फसवणूक येथे नाही, यावर मात्र दोन्ही बाजूंचे एकमत होते. वाद होता तो नायकाच्या कुवतीवर. तो कमी पडतो की त्याच्याकडून अपेक्षाच अमानुष आहे? वीस वर्षे गाणे शिकलेल्या एक काकू बराच वेळ गप्प होत्या. त्या उठून म्हणाल्या, “तुम्ही तो कमी पडतो का, यावर बोलताय. कमी पडणाऱ्याला ते आधी कळतं. बाकीच्यांना कळायला वर्षं लागतात. ती मधली वर्षं या चित्रपटात आहेत.” त्यानंतर काही वेळ कोणी बोलले नाही.

पुढे रात्रीच्या मोकळ्या रस्त्यांवरून नायक मोटारसायकलने जात असताना कानावर पडणाऱ्या ‘माईं’च्या, म्हणजे त्याच्या गुरूंच्याही गुरूंच्या, आवाजाचा विषय निघाला. तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे, हे उपस्थितांपैकी निम्म्यांना माहीत नव्हते. समाजकार्याचे शिक्षण देता देता १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट करून चित्रपटांकडे वळलेल्या आणि पुण्यातच राहून काम केलेल्या सुमित्राताई १९ एप्रिल २०२१ रोजी गेल्या, म्हणजे चित्रपट आपल्याला घरी पाहायला मिळाला त्याच्या अकरा दिवस आधी. त्यांचे चित्रपट पाहत मोठी झालेली माणसे त्या खोलीत होती. स्वतःच्या कामाशी तडजोड करू नये, असे कठोरपणे बजावणारा तो आवाज त्यांचा आहे हे कळल्यावर ज्याने त्याने तो प्रसंग मनात पुन्हा ऐकला असावा. मी घरी जाऊन संपूर्ण चित्रपट पुन्हा पाहिला, या वेळी बऱ्या स्पीकरवर. मैफलींच्या प्रसंगांत गाण्याखाली सतत वाहणारा तानपुरा बसच्या इंजिनाच्या आवाजात मला ऐकूच आला नव्हता. वहीत ‘मन लागले नाही’ या माझ्या शब्दांखाली आता दहा ओळींची दुसरी नोंद आहे. वरचे तीन शब्द तसेच आहेत आणि ते तसेच राहावेत, हा नियम मला योग्य वाटतो.

अशी चर्चा पुण्यात रंगते याला शहराची परंपराही कारण आहे. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापुरातून येथे आली, तिच्याच स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. क्लबमधील काही ज्येष्ठ सभासदांनी या दोन संस्थांचा रसग्रहण अभ्यासक्रम केलेला आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या संग्रहालयाच्या सभागृहात जुना चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहणे हा मला या शहरात राहण्याचा एक लाभ वाटतो. क्लबबरोबर तेथे ‘संत तुकाराम’ पाहिला, तेव्हा शेजारच्या आजींनी चित्रपट संपल्यावर विष्णुपंत पागनिसांबद्दल चकार शब्द काढला नाही. त्या फक्त आवलीचे काम करणाऱ्या गौरीबद्दल बोलत राहिल्या. मुलगा आजारी असताना पायताण घेऊन देवाला जाब विचारायला निघालेली ती बाई त्यांनी लहानपणी पाहिली होती आणि तेव्हा तिची भीती वाटली होती, आता तिचेच खरे वाटते, असे त्यांचे म्हणणे होते. संग्रहालय उभे करणारे पी. के. नायर यांची चित्रपट पाहताना नोंदी करण्याची सवय प्रसिद्ध होती. त्या आजींचे बोलणे वहीत उतरवून घेताना मला नायर यांची आठवण झाली.

मालिकांच्या बाबतीत क्लबने उशिरा शहाणपण दाखवले, पण दाखवले. मालिकेची शिफारस वहीत नको, असा समितीचा आग्रह होता. चित्रपट फसला तर दोन तास जातात. दहा भागांची वेबमालिका फसली तर आठ-नऊ तास जातात, म्हणून खरी गरज तेथेच आहे, हा युक्तिवाद शेवटी मान्य झाला. आता मालिकेसाठी पूर्ण पाहण्याची अट नाही, पण किती भाग पाहून लिहिले ते नोंदवावे लागते. ‘१० पैकी ४’ अशी नोंद असली की वाचणारा सावध होतो. रोजच्या मराठी मालिका पाहणाऱ्या एका काकूंच्या नोंदी मी आवर्जून वाचतो. कथा ताणायला लागली की पात्रे एकमेकांचे बोलणे दाराआडून ऐकू लागतात, असे त्यांनी एका ठिकाणी लिहिले आहे, आणि हे निरीक्षण मी तेव्हापासून अनेक मालिकांना लावून पाहिले. ते प्रत्येक वेळी खरे ठरले.

आता उणिवा. सभागृह भाड्याचे आहे, दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तेथे लिफ्ट नाही. ज्यांच्याकडे सर्वांत जास्त चित्रपटांच्या आठवणी आहेत, त्याच सभासदांना जिने चढवत नाहीत. गेल्या वर्षभरात अशा तिघांनी येणे सोडले आणि त्यांच्या नोंदी थांबल्या. समितीने वर्गणी दोनशे रुपयांनी वाढवून तळमजल्यावरची जागा घ्यावी, असे मी लेखी कळवले आहे. उत्तर आलेले नाही. चित्रपट दाखवण्याच्या तंत्रातही ढिलाई आहे. एका जपानी चित्रपटाच्या वेळी प्रोजेक्टरचे माप चुकल्यामुळे सबटायटलची खालची ओळ पडद्याबाहेर जात होती आणि चाळीस मिनिटे आम्ही अर्धी वाक्ये वाचत बसलो होतो. कोणीतरी उठून सांगेपर्यंत यंत्रापाशी कोणी नव्हते. चित्रपट सुरू होण्याआधी पाच मिनिटे चाचणी घेतली तर हे टळू शकते. कार्यक्रम आयत्या वेळी रद्द होण्याचा प्रकार वर्षात तीनदा घडला, त्यांपैकी एकदा मी हडपसरहून दोन बस बदलून आलो होतो.

चर्चेतही एक दोष आहे. तीन-चार सभासद, सगळे पुरुष आणि सगळे चांगले अभ्यासू, बोलायला लागले की थांबत नाहीत, आणि नवीन आलेली मुले-मुली दुसऱ्या वेळी येत नाहीत. एका बैठकीत सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने प्रत्येकाला तीन मिनिटे देऊन स्वयंपाकघरातला टायमर टेबलावर ठेवला होता, तेव्हा एकाच संध्याकाळी सतरा जण बोलले. तो टायमर पुढच्या महिन्यात दिसला नाही. तो परत यावा. क्लबच्या व्हॉट्सॲप गटाविषयी मात्र मी आशा सोडली आहे: वहीत जो संयम पाळला जातो तो तेथे पाळला जात नाही आणि नव्या चित्रपटाचा शेवट शुक्रवारी दुपारीच फुटतो. सभासद झालात तर गटाचा आवाज बंद ठेवावा.

बहुतेक वेळा जानेवारीत किंवा फेब्रुवारीत पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, तेव्हा हेच सभासद वेगवेगळ्या पडद्यांपुढच्या रांगांत विभागून उभे राहतात आणि कोणता चित्रपट दुसऱ्या खेळाला गाठायचा हे चहाच्या टपरीवर ठरते. २००२ पासून चालत आलेल्या या महोत्सवाचे वेळापत्रक एकट्याने हाती घेतले की माणूस गोंधळून जातो. गेल्या खेपेला मी पाहिलेल्या चौदा चित्रपटांपैकी नऊ मला कोणी ना कोणी रांगेत सुचवलेले होते.

सभासद होण्यापूर्वी पाहुणा म्हणून गप्पांच्या दोन बैठकींना येता येते. त्यासाठी वर्गणी लागत नाही, ओळखीच्या सभासदाने आधी कळवावे लागते. चित्रपटाच्या दिवशी न येता बैठकीच्याच दिवशी यावे आणि अर्धा तास लवकर यावे. वही टेबलाच्या उजव्या खणात असते, मागितल्याशिवाय कोणी बाहेर काढत नाही. पाचव्या वहीपेक्षा तिसरी आधी मागून घ्यावी. जिने चढणे सोडलेल्या त्या तिघांच्या सगळ्या नोंदी तिच्यात आहेत.